साहाय्यक व्यक्ती आणि समुपदेशक: दोघांचे प्रशिक्षण वेगळे का हवे

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाच्या कुटुंबाला पोलीस ठाण्यापासून निकालापर्यंत जी माणसे भेटतात, त्यांत साहाय्यक व्यक्ती आणि समुपदेशक यांची गल्लत सर्वाधिक होते. दोघेही आपुलकीने बोलतात, दोघेही बहुधा समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेले असतात आणि मनुष्यबळ अपुरे असले की दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात पडतात. मग प्रशिक्षणही एकच उरकले जाते: कायद्यावर एक व्याख्यान, संवादकौशल्यावर दुसरे आणि शेवटी प्रमाणपत्र. या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाचा सर्वात घातक दोष मला हाच वाटतो.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२चा आहे. त्याखालच्या २०२०च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) मूल आणि पालक यांच्या संमतीने तपास व खटल्याच्या काळात मुलाला मदत करण्यासाठी साहाय्यक व्यक्ती नेमते आणि या नेमणुकीची लेखी माहिती पोलिसांनी २४ तासांत विशेष न्यायालयाला द्यायची असते. बालहक्कांसाठी काम करणारी व्यक्ती वा संस्था, बालगृहाचा अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातला कर्मचारी यांपैकी कोणालाही हे काम देता येते. खटला संपेपर्यंत मुलाच्या स्थितीचा मासिक अहवाल समिती साहाय्यक व्यक्तीकडून मागवते. त्या अहवालात मूल मानसिक आघातातून कितपत सावरत आहे हेही लिहायचे असल्याने गोंधळ वाढतो. मात्र त्याच नियमांत समितीने साहाय्यक व्यक्तीच्या समन्वयाने मुलाला वैद्यकीय आणि मानसिक उपचार व समुपदेशन मिळवून द्यावे, असे म्हटले आहे. सावरण्याची नोंद ठेवणे आणि सावरायला मदत करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

साहाय्यक व्यक्तीला कायदा कलमांच्या क्रमाने नव्हे, तर कुटुंबाला ज्या क्रमाने त्याला सामोरे जावे लागते त्या क्रमाने शिकवला पाहिजे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेता येतो आणि तो घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा लागतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. अन्न, कपडे, प्रवास यांसारख्या तातडीच्या गरजांसाठी समितीने शिफारस केल्यास ती रक्कम आठवड्याच्या आत द्यावी लागते. तारखेला यायचे म्हणजे रोजंदारी बुडवायची, अशा घरांसाठी ही शेवटची तरतूद फार मोलाची आहे, पण ती सांगणारे कोणी नसेल तर ती कागदावरच राहते.

साक्षीच्या आदल्या दिवशी मूल विचारते, “तो तिथे असेल का?” प्रशिक्षण नसलेला माणूस धीर देण्यासाठी “नाही, तो येणारच नाही” असे सांगून मोकळा होतो. हे खोटे ठरते, कारण साक्ष ऐकण्याचा आणि आपल्या वकिलाशी बोलण्याचा आरोपीला हक्क असतो आणि कोर्टात खोकण्याच्या आवाजावरूनही मूल त्याला ओळखू शकते. प्रशिक्षित साहाय्यक व्यक्ती सांगते की तो असेल, पण तो समोर दिसू नये म्हणून पडद्याची किंवा व्हिडिओची सोय करायला सांगितले आहे, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशच विचारतील आणि दमल्यासारखे वाटले तर थांबायची परवानगी मागता येईल. ती आधीच कोर्टात जाऊन बसायची जागा, पाणी आणि स्वच्छतागृह पाहून आलेली असते.

समुपदेशकाला याच प्रश्नामागची भीती ऐकू येते. ही भीती रात्री झोपेत येते का, शाळेच्या वाटेवर येते का, मूल स्वतःला दोष देत आहे का, हे तो मुलाच्या गतीने, अनेक भेटींतून समजून घेतो. त्यासाठी बालविकास व आघाताचा स्मृतीवर होणारा परिणाम यांचे ज्ञान आणि अनुभवी वरिष्ठाच्या देखरेखीखाली केलेले दीर्घ काम लागते. खटला रेंगाळला किंवा आरोपी सुटला, तरी हे काम थांबत नाही.

सर्वात नाजूक मुद्दा “नेमके काय घडले?” या प्रश्नाचा आहे. मूल आपणहून बोलू लागले तर साहाय्यक व्यक्तीने त्याला गप्प करू नये, पण तपशील उकरू नयेत आणि साक्षीचे शब्द तर मुळीच सुचवू नयेत. मुलाला पढवले आहे हा उलटतपासणीतला नेहमीचा आरोप असतो आणि मायेपोटी करून घेतलेल्या उजळणीमुळे त्याला आयते बळ मिळते. ‘कोर्ट कसे चालते ते सांगा, कोर्टात काय बोलायचे ते सांगू नका’ हा भेद व्याख्यान ऐकून अंगवळणी पडत नाही. त्यासाठी भूमिका वठवून, चुका करून, त्या सुधारून सराव करावा लागतो. समुपदेशकालाही हे भान हवे, पण त्याच्या खोलीत घटनेला स्पर्श होणे उपचाराचाच भाग असू शकतो. म्हणून एकाच व्यक्तीने एकाच मुलासाठी दोन्ही भूमिका घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्राला या कामाचा अनुभव नवा नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस यंत्रणेत बसून काम करत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३मध्ये साहाय्यक व्यक्तींना त्यांच्या पात्रतेला आणि अनुभवाला साजेसे मानधन द्यावे, असे स्पष्ट केले.

साहाय्यक व्यक्तीशी जमत नसेल, तर मूल किंवा पालक तिची नेमणूक रद्द करण्याची विनंती समितीकडे करू शकतात आणि त्यासाठी मुलाला कारण सांगावे लागत नाही. पहिल्याच भेटीत साहाय्यक व्यक्तीने स्वतः हे कुटुंबाला सांगावे, तेही आढेवेढे न घेता, आणि याचाही सराव प्रशिक्षणात करून घ्यायला हवा.