सॅच्युरेशन म्हणजे नक्की कुठलं, बीजेटीचं की मॉसफेटचं?

सेमीकंडक्टर शिकताना माझं डोकं बँड डायग्रामपेक्षा ह्या एका शब्दानं जास्त खाल्लं. बीजेटीच्या (बेसच्या करंटवर चालणारा ट्रान्झिस्टर) धड्यात सांगतात स्विच ऑन करायचाय ना, ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये न्या, आणि पुढच्याच धड्यात म्हणे मॉसफेटचा (गेटच्या व्होल्टेजवर चालणारा ट्रान्झिस्टर) अँप्लिफायर करायचा तर तो सॅच्युरेशनमध्ये ठेवा! मी आपला कितीतरी दिवस मॉसफेटचा स्विचपण सॅच्युरेशनमध्येच शोधत बसलो.

दोघांचे आउटपुट ग्राफ (आडवं ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज, उभा करंट) शेजारी ठेवा, जुळी भावंडंच वाटतात. डावीकडे करंट झपकन चढतो, मग जवळजवळ सपाट. पण बीजेटीत तो चढ म्हणजे सॅच्युरेशन आणि सपाट भाग अॅक्टिव्ह, मॉसफेटमध्ये चढ म्हणजे ट्रायोड आणि सपाट भाग सॅच्युरेशन. एकदम उलटं.

नाव पाठ करू नका, करंट कशाला दाद देईनासा झाला ते विचारा.

बीजेटी घ्या, ५ व्होल्ट सप्लाय, कलेक्टरला १ किलोओहम, बीटा (कलेक्टरचा करंट बेसच्या कितीपट ते) १००. बेसला १० मायक्रोअँप दिले की कलेक्टरला १ मिलिअँप, ट्रान्झिस्टरवर ४ व्होल्ट उरतात, मजेत. आता बेसला १०० मायक्रोअँप द्या, बीटाच्या हिशोबानं १० मिलिअँप यायला हवेत पण रेझिस्टर ५ मिलिअँपच्या वर जाऊच देत नाही, मग ४.८ च्या आसपास अडकतं, ट्रान्झिस्टरवर जेमतेम ०.२ व्होल्ट राहतात आणि बेस-कलेक्टर जंक्शनसुद्धा फॉरवर्ड होतं. आता बेसमध्ये अजून कितीही ओता, कलेक्टर ढिम्म. म्हणजे बेसचा ताबा सुटला.

मॉसफेटमध्ये दाद मिळत नाही ती ड्रेनला. थ्रेशोल्ड (चॅनेल, म्हणजे करंटची वाट, तयार व्हायला गेटला लागणारं किमान व्होल्टेज) १ व्होल्ट, गेटला ३ व्होल्ट, तर ड्रेनला २ व्होल्ट होईपर्यंत करंट वाढतो, त्यापुढे ड्रेनकडचं चॅनेल पिंच ऑफ होतं, म्हणजे त्या टोकाला मिटतं, आणि व्होल्टेज वाढवूनही करंट तेवढाच (किंचित वाढतो, चॅनेल थोडं आखूड होतं म्हणून, ते चॅनेल लेंग्थ मॉड्युलेशन). पिंच ऑफ झालं तर करंट बंद का नाही पडत? कारण इलेक्ट्रॉन त्या टोकाशी पोचले की तिथलं जोरदार फील्ड त्यांना ड्रेनमध्ये खेचून घेतं. आणि गेट वाढवलं की करंट लगेच वाढतो, सगळा लगाम गेटकडेच, म्हणून तर अँप्लिफायर इथे चालवतात.

स्विचसाठी मॉसफेट ट्रायोडमध्येच हवा, छोट्या रेझिस्टरसारखा. गेटला व्होल्टेज अपुरं पडून तो सॅच्युरेशनमध्ये राहिला तर त्याच्यावर व्होल्टेजपण आणि करंटपण, मग तापतो. बीजेटीचा त्रास वेगळा, सॅच्युरेशनमध्ये बेसमध्ये साठलेला चार्ज निघेपर्यंत तो ऑफच होत नाही, म्हणून ७४एलएस ह्या बीजेटीवाल्या लॉजिक चिप्समध्ये शॉटकी डायोड (कमी व्होल्टेजलाच चालू होणारा) लावून त्याला तिथे खोल जाऊच देत नाहीत.

आणि हो, पॉवर मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये लिनियर मोड दिसला तर तो बहुतेक वेळा हाच सपाट भाग असतो, आणि पुस्तकात लिनियर म्हणतात ते ट्रायोडला. घ्या!