घरच्या पोकर स्पर्धेतली जागांची सोडत : पार्श्वभूमी

दोन टेबलांची घरगुती स्पर्धा असली की पहिला हात वाटण्याआधी ‘ड्रॉ’ होतो. इस्पिकचे एक्का ते नव्वी आणि बदामचे एक्का ते नव्वी असे अठरा पत्ते काढायचे, पिसून पालथे पसरायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाने एक उचलायचा. इस्पिक आलं तर हॉलमधलं डायनिंग टेबल, बदाम आलं तर आतल्या खोलीतलं घडीचं टेबल. पत्त्यावरचा आकडा म्हणजे खुर्ची. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की पोकर घरात जसं आलं तसं याच्यासकट आलं असेल, असं वाटावं. पण स्पर्धेची ही शिस्त घरोघर रुळली ती २००३ नंतर, आणि तीही अर्धीच. सुरुवातीच्या ड्रॉबद्दल आज कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो दीड तासाने, एक टेबल रिकामं पडू लागल्यावर.

पत्त्याने जागा ठरवणं पोकरपेक्षा जुनं आहे. व्हिस्ट आणि पुढे ब्रिजमध्ये भिडू कोण आणि पहिली वाटणी कोणाची हे पत्ते ओढूनच ठरायचं, आणि पहिली वाटणी ज्याच्याकडे येई त्याला जागा निवडायचाही हक्क असायचा. एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीवरच्या बोटींतून पसरलेल्या पोकरमध्ये भिडूच नव्हता, त्यामुळे ही गरज कमी भासली. तरी घरगुती खेळासाठीच्या जुन्या नियमपुस्तकांत एक कलम सापडतं : तासभर खेळ झाल्यावर कोणीही जागा बदलायची मागणी करू शकतो. मग वाटणारा आपली जागा आधी घेतो, बाकीच्यांना एकेक पत्ता उघडा वाटतो आणि सगळ्यांत लहान पत्तेवाला त्याच्या डाव्या हाताला बसतो, त्याच्यापुढे त्याहून मोठा, अशी रांग लागते. रोख पैशांच्या खेळात एवढं पुरायचं. जागा नाही पटली तर चिपा, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, उचलून घरी जायची मोकळीक होती.

स्पर्धेत ती मोकळीक नसते. एकदा बसलात की चिपा संपेपर्यंत किंवा टेबल मोडेपर्यंत, म्हणजे ते बंद करून सगळ्यांना दुसरीकडे बसवेपर्यंत, तुम्ही तिथेच. डाव्या हाताला आक्रमक खेळाडू आला तर रात्रभर तोच तुमच्यानंतर बोलणार. म्हणून जागेचा प्रश्न खऱ्या अर्थाने स्पर्धांबरोबर आला.

लास व्हेगासमधल्या एका कॅसिनोने १९७० मध्ये भरवलेल्या पहिल्या मेळाव्यात विजेता चक्क खेळाडूंच्या मतदानाने ठरला होता. पुढच्या वर्षी ‘चिपा संपल्या की बाहेर’ हा प्रकार सुरू झाला. प्रवेश ५,००० डॉलर, खेळाडू सहा. सहा जणांना कुठे बसवायचं हा काही नियमावली लिहिण्याएवढा प्रश्न नव्हता. त्याच स्पर्धेत १९८२ मध्ये १०४ जण उतरले, म्हणजे दहाहून अधिक टेबलं. आता कोण कुठे बसतो हे ठरवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात सत्ता आली. ओळखीचे दोघं एका टेबलावर आले तर संगनमताचा संशय, आणि एखाद्या नामवंताला सोप्या टेबलावर बसवलं तर पक्षपाताचा. टेबल आणि खुर्चीचे आकडे लिहिलेली कार्डं पालथी पसरून खेळाडूलाच उचलायला लावणं हा यावरचा साधा उपाय, आणि घरात आज तोच इस्पिक-बदामच्या रूपाने चालतो. नंतर संगणकाने पावतीवरच जागा छापायला सुरुवात केली. २००१ मध्ये स्पर्धा चालवणाऱ्यांनी एकत्र येऊन नियमांची एक सामाईक यादी केली. स्पर्धेतल्या जागा यादृच्छिक पद्धतीने द्याव्यात, हे त्या यादीतलं मूलभूत कलम.

२००३ मध्ये इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून आलेल्या एका लेखापालाने ८३९ खेळाडूंची तीच मुख्य स्पर्धा जिंकली आणि २५ लाख डॉलर घरी नेले. तीन वर्षांत खेळाडूंची संख्या ८,७७३ वर गेली. अमेरिकेत चिपांच्या पेट्या किराणा मालासारख्या विकल्या गेल्या, आणि शुक्रवारी रात्री वीस डॉलरची स्पर्धा भरवणारे यजमान गल्लोगल्ली दिसू लागले. या नव्या मंडळींचा पोकरशी पहिला परिचय टीव्हीवर किंवा ऑनलाइन झाला होता. ऑनलाइन स्पर्धेत जागा निवडायची सोयच नसते. नाव नोंदवलं की वेळ झाल्यावर टेबल आपोआप उघडतं आणि तुम्ही कुठेतरी बसलेले असता. असे शेकडो डाव खेळलेला माणूस मित्राच्या घरी गेला आणि ‘बस रे, कुठेही बस’ असं ऐकलं की त्याला ते खटकायचं. यजमान स्वतः फ्रीजजवळची खुर्ची पकडणार, त्याचा मेहुणा त्याच्या उजव्या हाताला, आणि उशिरा येणारा दरवाजाशी : घरगुती बैठकीची ही परंपरा माझ्या मते कॅसिनोच्या नियमावलीने मोडली नाही. ती ऑनलाइन सॉफ्टवेअरने लावलेल्या सवयीने मोडली. ब्लाइंडचं, म्हणजे प्रत्येक हातात दोघांनी पत्ते बघण्याआधीच भरायच्या आणि ठराविक वेळाने वाढणाऱ्या सक्तीच्या रकमेचं, घड्याळ चालवणारे संगणकी प्रोग्राम आले तेव्हा त्यांत जागावाटपाचं बटण असायचंच, आणि यजमानांनी तेही दाबायला सुरुवात केली.

ड्रॉ केल्याने मित्र-मित्र लांब बसतील, अशी एक भाबडी समजूत मात्र तेव्हापासून चिकटली आहे. नऊ जणांच्या एकाच टेबलावर नवरा-बायकोच्या जागा चिठ्ठीने काढल्या, तरी ती दोघं शेजारी येण्याची शक्यता चारात एक उरते. अठरा जण दोन टेबलांवर असतील तर एकाच टेबलावर येण्याची शक्यता ४७ टक्के आणि शेजारी येण्याची सुमारे १२ टक्के. ड्रॉमुळे शेजार टळत नाही. ‘हे कोणी ठरवलं’ या प्रश्नाचं उत्तर ‘कोणीच नाही’ असं होतं, एवढंच. यजमानाला तेवढंच हवं असतं.

इथवर मतभेद नाही. पुढचा प्रश्न टेबलं समतोल करण्याचा, म्हणजे हॉलमध्ये आठ आणि आत सहा उरले की हॉलमधला एक जण आत पाठवायचा. तो कोण, आणि आत कुठल्या खुर्चीवर?

घरगुती उत्तर साहजिकच ‘पत्ता काढा’ असं असतं. सुरुवातीला पत्त्याने न्याय झाला, तर आताही पत्त्यानेच व्हावा. आठ जणांना एकेक पत्ता वाटायचा, सगळ्यांत लहान पत्तेवाला आत जातो आणि मोकळी असेल ती खुर्ची घेतो. व्यावसायिक नियमावली मात्र इथे सोडत मुद्दाम नाकारते. पोकरच्या होल्डेमसारख्या प्रकारात ज्याच्यावर पुढचा बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडांतला मोठा) येणार आहे तोच उठतो. दुसऱ्या टेबलावर त्याने वाईटात वाईट मोकळ्या जागी, म्हणजे जिथे बिग ब्लाइंड सगळ्यांत आधी येईल तिथे बसायचं, अगदी लगेच भरावा लागला तरी. फक्त स्मॉल ब्लाइंडच्या जागी त्याला बसवत नाहीत. ज्या स्टड प्रकारात ब्लाइंडच नसतात तिथे हा हिशेबही नसतो. तिथे कमी भरलेल्या टेबलावर शेवटी रिकामी झालेली खुर्ची आधी भरतात. नियमाचा सगळा रोख ब्लाइंडवर आहे, हे यातून कळतं.

पत्त्याने काय होतं ते आकड्यांत बघा. ब्लाइंड ५००-१,०००. एकाकडे ९,००० चिपा होत्या. त्याने लागोपाठ दोन हातांत बिग आणि स्मॉल मिळून १,५०० भरले आणि आता बटण (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी, दर हाताला पुढे सरकणारी चकती) त्याच्याकडे आलंय, म्हणजे पूर्ण फेरीतली सगळ्यांत चांगली जागा. तेवढ्यात पत्त्याने त्याला आत पाठवलं, आणि आत मोकळी खुर्ची नेमकी बिग ब्लाइंडची. पुन्हा १,५००. एकही हात न खेळता स्टॅकचा, म्हणजे त्याच्या चिपांच्या ढिगाचा, तिसरा हिस्सा गेला. उलट ज्याच्यावर ब्लाइंड येतच होता त्याचा पत्ता लहान निघाला आणि आत त्याला बटणामागची खुर्ची मिळाली, तर त्याची जवळजवळ अख्खी फेरी फुकट. दोघांच्या बाबतीत पत्ता ‘निष्पक्ष’च होता.

तरीही ब्लाइंडच्या नियमाला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. ब्लाइंडने ठरवायचं झालं तर क्षण कोण निवडणार? आतल्या टेबलावरून बातमी आल्यावर यजमानाने एक हात थांबून ‘चला, आता एक जण’ म्हटलं, तर उठणारा माणूस बदलतो. यजमान स्वतःच खेळत असतो, हे विसरून चालत नाही. कॅसिनोत हा निर्णय घेणारा माणूस टेबलाबाहेर उभा असतो, आणि व्यावसायिक नियम घरात उचलून आणताना ही गोष्ट हमखास सुटते. दुसरा मुद्दा साधा, माणसांचा : पत्त्याने उठवलं तर राग पत्त्यावर जातो, नियमाने उठवलं तर नियम वाचून दाखवणाऱ्यावर. काही घरांत यावर तडजोड चालते. कोण उठणार ते ब्लाइंडने ठरवायचं आणि आत कुठे बसायचं ते पत्त्याने. दोन्ही बाजू खूश होतात खऱ्या, पण दाराने बाहेर काढलेला नशिबाचा भाग खिडकीतून आत येतो. ‘एक जण बाद झाला आणि दोन टेबलांत दोनचा फरक पडला, की चालू हात संपल्यावर लगेच, पुढचा बिग ब्लाइंड’ हे वाक्य स्पर्धेआधीच भिंतीवर चिकटवलं तर यजमानाच्या हातात काही उरत नाही. मोठ्या स्पर्धांतही कुठल्या टेबलावरून माणूस घ्यायचा हे आधी ठरलेल्या पद्धतीनेच होतं, आणि टेबल तीन माणसांनी कमी पडलं तर तिथला खेळ थांबवतात.

गोंधळात भर पडते ती टेबल मोडताना, कारण तिथे तीच नियमावली पुन्हा सोडतीकडे वळते. अख्खं टेबल एकदम उठलं तर प्रत्येकाला पूर्वीच्या स्थानाशी जुळणारी जागा मिळणं शक्यच नसतं, म्हणून चिठ्ठी. तीही दोन टप्प्यांत. मोकळ्या जागांची कार्डं पिसून गठ्ठा करायचा, मग उठणाऱ्या खेळाडूंना एकेक पत्ता उघडा वाटून कोणाला कितवं कार्ड हे ठरवायचं. कार्डं लावणाऱ्याच्या हातचलाखीला त्यामुळे वाव राहत नाही. घरात एवढं कोणी करत नाही, आणि वीस जणांत करायची गरजही नाही.

शेवटच्या टेबलाबद्दल घराघरांत दोन रिवाज आहेत. एकात आतल्या खोलीतले चार-पाच जण हॉलमधल्या मोकळ्या खुर्च्यांसाठी पत्ते काढतात आणि हॉलवाले जागचे हलत नाहीत. दुसऱ्यात सगळेच उठतात आणि नऊच्या नऊ जागा नव्याने निघतात. लास व्हेगासच्या मुख्य स्पर्धेत शेवटच्या टप्प्यात सगळ्यांच्या जागा नव्याने काढतात, आणि टीव्हीवर तेच दिसल्यामुळे घरातही त्याला वजन आलं. नव्याने काढण्याच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे : बक्षिसं याच टेबलावर ठरतात, सगळ्यांत मोठा स्टॅक कोणाच्या डाव्या हाताला हा प्रश्न इथे लाखमोलाचा, आणि हॉलवाल्यांना आधीपासून बसल्याचा लाभ का मिळावा? विरुद्ध बाजूला एवढंच, की नऊ जणांनी चिपांचे ढीग उचलून फिरायचे आणि तेवढ्यात कोणाची तरी १,००० ची चिप सोफ्याखाली जायची.

एक गोष्ट मात्र घराघरांत विनाकारण चालते. जागा पत्त्याने काढून झाल्या, सगळे बसले, की पहिलं बटण कोणाकडे यासाठी पुन्हा एकेक पत्ता वाटतात. जागा यादृच्छिक असतील तर बटण नऊ नंबरच्या खुर्चीवर ठेवून दिलं तरी प्रत्येकाची संधी सारखीच. दुसरा ड्रॉ पहिल्यात आधीच झालेला असतो. उशिरा येणाऱ्यांची अडचण त्यापेक्षा खरी आहे. पंधरा जण हजर आणि तिघं ट्रॅफिकमध्ये असताना अठराच्या अठरा पत्ते पसरले, तर एका टेबलावर नऊ आणि दुसऱ्यावर सहा अशी विभागणी होऊ शकते. म्हणून येणार असलेल्यांचे पत्ते त्यांच्या नावाने आधीच काढून ठेवायचे, किंवा आठ इस्पिक आणि सात बदामच पसरून उरलेले तीन दाराशी राखायचे.

भारतात घरगुती तीन पत्तीला जागेचं सोयरसुतक नव्हतं. चटईवर जिथे मांडी मावेल ती जागा. पोकर स्पर्धेचा रिवाज मुंबई-पुण्यात आला तो ऑनलाइन खेळातून आणि पणजीला मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंत स्पर्धा खेळून आलेल्यांकडून. तिथे हातात पावती पडायची, तिच्यावर टेबल आणि सीट छापलेली. २०२० च्या टाळेबंदीत हीच मंडळी मोबाइलवर खासगी क्लब काढून खेळली आणि जागेचा प्रश्न दोन वर्षं कोणाच्या डोक्यातही आला नाही. त्याआधीच जगभरच्या ऑनलाइन रोख खेळांत जागा निवडीवरून वेगळीच लढाई होऊन गेली होती : कच्च्या खेळाडूच्या डाव्या हाताची खुर्ची क्षणात पकडणारी सॉफ्टवेअर आली, आणि काही मोठ्या साइट्सनी जागा निवडायची सोयच काढून टाकली. स्पर्धेतला नियम अशा रीतीने रोख खेळातही शिरला.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि भारतातल्या साइट्सनी पैशांची टेबलं बंद केली. पडद्यावर आपोआप बसायची सवय लागलेले खेळाडू तेव्हापासून पुन्हा डायनिंग टेबलाशी येऊ लागलेत. सुरुवातीचा ड्रॉ त्यांना समजावून सांगावा लागत नाही. समतोल साधायची वेळ आली की मात्र ‘मी का उठू?’ हा प्रश्न पडतो, कारण ऑनलाइन ते काम कोणी आणि कुठल्या नियमाने केलं हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं.