संगीतवाहिनी (केबल दूरचित्रवाणी)

संगीतवाहिनी : दिवसाचा बहुतेक वेळ गाण्यांच्या दृश्यफिती दाखवणारी, उपग्रहावरून केबलचालकांमार्फत घरोघरी पोहोचणारी दूरचित्रवाहिनी. प्रस्तुत नोंद मुख्यतः भारतातील वाहिन्यांविषयी आहे. दूरदर्शनचा ‘चित्रहार’ आणि मुंबई केंद्राचे ‘छायागीत’ यांना कधीकधी या वाहिन्यांचे पूर्वज म्हटले जाते. ते मर्यादित अर्थानेच खरे. ते ठरलेल्या वारी लागणारे कार्यक्रम होते, आणि आठवडाभर वाट पाहायला लावणे हेच त्यांचे बळ होते.

आरंभ : अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झालेली एमटीव्ही ही या प्रकारातील आद्य वाहिनी समजली जाते. मात्र ज्या वॉर्नर समूहातून ती निघाली, त्याच समूहाने ओहायओतील कोलंबस शहरात १९७७ च्या अखेरीस ‘क्यूब’ ही द्विमार्गी केबलसेवा सुरू केली होती व तीत संगीताची वेगळी वाहिनी होती. तेव्हा कल्पनेचे श्रेय एकट्या एमटीव्हीला देता येत नाही. चोवीस तासांचा साचा मात्र तिने रूढ केला. गाण्यांची फिरती यादी आणि दोन गाण्यांमध्ये बोलणारा निवेदक (‘व्हीजे’) या दोन्ही गोष्टी तिने नभोवाणीकडून उचलल्या.

एमटीव्हीच्या भारतातील आगमनाचे वर्ष १९९१, १९९४ की १९९६, याबाबत एकवाक्यता दिसत नाही. १९९१ मध्ये हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने एशियासॅट-१ उपग्रहावरून वाहिन्या सुरू केल्या. त्यांत एमटीव्ही होती. तिचे प्रक्षेपण साऱ्या आशियासाठी होते व त्यात पाश्चात्त्य गाण्यांचा भरणा असे. १९९४ मध्ये स्टारशी असलेला करार तुटला, एमटीव्ही बाहेर पडली आणि स्टारने तिच्या जागी चॅनल व्ही आणली. मधल्या काळात एमटीव्हीला दूरदर्शनवर काही तास मिळाले. स्वतंत्र भारतीय वाहिनी म्हणून ती साधारणतः १९९६ मध्ये उभी राहिली. प्रेक्षकाच्या दृष्टीने १९९१ आणि भारतीय वाहिनीच्या दृष्टीने १९९६ ही वर्षे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. चॅनल व्हीचा जन्म वेगळा मोजावा.

भेद : या वाहिन्यांवरची गाणी बरीचशी सारखीच असतात, नव्या हिंदी चित्रपटाचे गाणे एकाच संध्याकाळी चार ठिकाणी लागते. फरक पडतो तो दोन गाण्यांच्या मधल्या जागेत. नव्वदीच्या दशकात ती जागा व्हीजेंची होती. चॅनल व्हीचे क्विक गन मुरुगन हे विनोदी पात्र किंवा एमटीव्हीवरचा व्हीजे सायरस ब्रोचाचा लोकांची फिरकी घेणारा ‘बकरा’ हा कार्यक्रम हे गाण्यांइतकेच लक्षात राहिले. २००७ मध्ये आलेल्या ९एक्सएमने निवेदकाला जवळपास रजाच दिली आणि बडे-छोटे ही ॲनिमेशनची जोडी विनोद सांगायला बसवली. खर्चाच्या हिशेबात हे सोयीचे असावे. पडद्याच्या कोपऱ्यातील पट्टी तेवढी सर्वत्र टिकली : गाणे, चित्रपट, गायक आणि ध्वनिमुद्रण कंपनी.

पट्टीतील ही शेवटची ओळ, म्हणजे कंपनीचे नाव, महत्त्वाची. दृश्यफीत ही मुळात कंपनीची जाहिरात. त्यामुळे वाहिनीला माल स्वस्तात मिळे. पण तोच माल शेजारच्या वाहिनीलाही मिळत असल्याने प्रेक्षक बांधून ठेवणे अवघड. गाणे संपले की रिमोट हलतो. एमटीव्हीने २००३ पासून ‘रोडीज’सारखे स्पर्धात्मक रिॲलिटी कार्यक्रम वाढवले, त्यामागे हे कारण प्रमुख दिसते; केवळ तरुणांची बदललेली आवड हे स्पष्टीकरण अपुरे आहे. चॅनल व्हीने २०१२ मध्ये गाणी पूर्ण बंद करून मालिका लावल्या, २०१६ मध्ये पुन्हा गाण्यांकडे वळली आणि २०१८ मध्ये बंद पडली. अमेरिकेतील एमटीव्हीने तर २०१० मध्ये बोधचिन्हातून ‘म्युझिक टेलिव्हिजन’ हे शब्दच काढून टाकले.

वितरण : ॲनालॉग केबलच्या काळात वाहिनी कितव्या क्रमांकावर दिसणार हे केबलचालक ठरवी. वरच्या कंप्रतेच्या पट्ट्यात ढकललेल्या वाहिनीवर जुन्या संचांत मुंग्या दिसत, किंवा ती लागतच नसे. चांगल्या जागेसाठी वाहिन्या केबलचालकांना ‘कॅरेज फी’ मोजत. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि मुंग्या गेल्या. पैसे देण्याची प्रथा मात्र लगेच गेली नाही.

मराठी : ९एक्स झकास (२०११) ही पहिली मराठी संगीतवाहिनी मानली जाते. पुढे संगीत मराठी, मायबोली या वाहिन्या आल्या. त्याआधी तालुक्याच्या गावांत केबलवाल्याची स्वतःची वाहिनी असे. दुपारी फर्माइशीची गाणी, आणि खाली सरकत्या पट्टीवर किराणा दुकानाच्या जाहिरातीपाठोपाठ कुणातरी ‘भाऊं’ना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.