पुढे काहीच नव्हतं!

संध्याकाळी दादरहून पुण्याला निघालेली आमची एसटी मानखुर्द सोडून वाशीच्या खाडी पुलावर आली आणि मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. थोडं पुढे, मग थांबा. पुन्हा थोडं पुढे, पुन्हा थांबा. बसमध्ये तर्क सुरू झाले. कंटेनर उलटला असणार, म्हणे. कुणी म्हणालं मंत्री जातोय. अखेर टोल नाका मागे पडला, चालकानं गिअर बदलला, आणि सगळ्यांनी माना वळवून खिडकीबाहेर पाहिलं. फुटलेली काच नाही, क्रेन नाही, पोलीस नाही. शेजारच्या काकू तर जवळजवळ नाराज झाल्या. "अगं बाई, पुढे काहीच नव्हतं की! मग एवढा वेळ थांबलो कशाला?"

काकूंचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे. आपण गृहीत धरतो की कोंडी असेल तर कोंडीच्या तोंडाशी तिचं कारणही उभं असलं पाहिजे. नळात कचरा अडकावा तसं. प्रत्यक्षात कारण निघून गेल्यावरही कोंडी मागे उरते, आणि ती जागेवरही थांबत नाही. ती चालते, तीही उलट्या दिशेनं.

उलट्या चालण्याचा हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल. थांबलेल्या रांगेत एक मोटार, तिच्यापुढची मोकळी जागा धरून, साधारण ७ मीटर अडवते. रांगेतली पहिली गाडी सुटली की दुसरा चालक लगेच निघत नाही. पुढचे लाल दिवे विझलेले दिसणं, पाय ब्रेकवरून उचलणं, गाडीनं प्रत्यक्ष हलणं, यात सुमारे दीड सेकंद जातो. मग तिसरा, मग चौथा. म्हणजे 'सुटलो रे' ही बातमी दर दीड सेकंदाला ७ मीटर मागे सरकते. तासाचा वेग काढा, जवळजवळ १७ किलोमीटर येतो. थांबण्याची बातमीही अशीच मागे जाते. हीच कोंडीची लाट. पुलाची लांबी १८३७ मीटर, तेव्हा वाशीच्या तोंडाशी सुरू झालेली लाट मानखुर्दच्या टोकाला पोहोचायला साडेसहा मिनिटं लागतात. तोवर जिनं पहिला ब्रेक मारला ती गाडी नेरूळला पोहोचलेली असू शकते.

ही कागदावरची करामत नाही. जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी सोडल्या आणि चालकांना एवढंच सांगितलं की ताशी ३० किलोमीटरनं शांतपणे चालवत राहा. सिग्नल नाही, चढ नाही, रिक्षा नाही, गाय नाही. तरी थोड्याच वेळात त्या गोलात चार-पाच गाड्यांची एक गाठ तयार झाली आणि ताशी सुमारे २० किलोमीटरच्या वेगानं उलटी फिरू लागली. गाठीच्या पुढच्या टोकाची गाडी सुटायची, मागच्या टोकाला नवी अडकायची. २००८ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याची चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल, मोजलेलं नाही.

लाटेचं गणित त्याआधीच, १९५५ साली, लाइटहिल आणि व्हिटहॅम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी मांडलं होतं. गंमत अशी की त्यांच्या जोडलेखातला पहिला लेख लांब नद्यांमधल्या पुरावर होता आणि दुसरा गर्दीच्या रस्त्यांवर. आपण 'गाड्यांचा महापूर' म्हणतो ते नुसतं अलंकारिक नाही. फरक इतकाच की नदीत पुराची लाट पाण्याच्या दिशेनंच जाते, रस्त्यावर मात्र दाटी वाढली की लाट उलटते.

आता थोडी आकडेमोड. कंटाळा येत असेल तर पुढचा परिच्छेद सोडा, पण मी तो लिहिणारच.

एका लेनमध्ये ताशी ६० किलोमीटरच्या वेगानं तासाला १५०० गाड्या येतायत असं धरू. म्हणजे किलोमीटरमागे २५ गाड्या. ठप्प रांगेत किलोमीटरमागे १००० भागिले ७, म्हणजे १४३. रांगेचं शेपूट मागे किती वेगानं वाढेल? दोन्हीकडच्या प्रवाहातला फरक भागिले दोन्हीकडच्या दाटीतला फरक. पुढे प्रवाह शून्य, म्हणून १५०० भागिले ११८ (१४३ वजा २५), ताशी पावणेतेरा किलोमीटरच्या आसपास. वाशीच्या तोंडाशी एखादा टेम्पो १० मिनिटं बंद पडला तर शेपूट दोन किलोमीटरच्या पलीकडे जातं, म्हणजे पुलाच्याही बाहेर.

टेम्पो बाजूला झाला. अडून राहिलेल्या गाड्या २५०. आता खरा डाव सुरू होतो. रांगेतून गाड्या दर २ सेकंदांना एक अशा सुटल्या तर तासाला १८०० जातील. येतायत १५००, म्हणजे तासाला ३०० चा अनुशेष भरून निघेल आणि रांग ५० मिनिटांत संपेल. पण रांगेत ताटकळलेला माणूस तरतरीत नसतो. तो मोबाइल बघत असतो, पाणी पीत असतो, पुढची गाडी गेल्याचं त्याला जरा उशिरा कळतं. २ सेकंदांचे सव्वादोन होतात. तासाला १८०० ऐवजी १६०० गाड्या. अनुशेष भरण्याचा वेग ३०० वरून १०० वर, आणि तीच रांग संपायला ५० मिनिटांऐवजी अडीच तास.

पाव सेकंद! १० मिनिटांच्या बिघाडाची सावली अडीच तास पडते आणि त्या सावलीतून एका लेनमधल्या ४००० गाड्या जातात. त्यांतल्या बहुतेकांनी तो टेम्पो पाहिलेलाही नसतो. आमच्या काकू त्या ४००० पैकी एक असाव्यात. एकेकाचं नुकसान कमी, सरासरी पाच मिनिटांचंच. पण संध्याकाळी येणाऱ्या गाड्याच १६०० च्या वर गेल्या तर वजाबाकी उलटी होते, आणि मग गर्दीची वेळ ओसरेपर्यंत रांग वाढतच राहते.

आपल्याकडे हा हिशेब इतका नीटनेटका नसतो हे मान्य. लेनमध्ये दुचाकी घुसतात, रिक्षा तिरकी होते, लादलेला ट्रक एकटा तीन मोटारींचं काम बिघडवतो. आकडे हलतात, लाट मात्र राहते.

पुलावरच हे जास्त का जाणवतं? एक तर बगल नाही. हमरस्त्यावर बंद पडलेली गाडी मातीत उतरवता येते, पुलावर कठड्यापलीकडे खाडी. निसटायला गल्लीही नाही. शिवाय बऱ्याच पुलांना खालून होड्या जाव्यात म्हणून मध्ये उंची दिलेली असते, आणि तो चढ इतका हलका असतो की चालकाला कळत नाही, गाडीला कळतो. वेग किंचित उतरतो, मागचा जरा जास्त ब्रेक मारतो, त्याच्या मागचा आणखी जास्त.

आणि निर्माल्य. खाडी दिसली की हात जोडणारे आपण, जोडोत बापडे. पण गाडी कडेला घेऊन, वेग ६० वरून २० वर आणून, प्लास्टिकच्या पिशवीसकट फुलं खाडीत भिरकवायची, यानं कुठला देव प्रसन्न होतो? फुलं घरच्या कुंडीत जिरली असती. पुण्य कुणाच्या खात्यात जमा होतं ते होवो, लाट मागच्यांच्या खात्यात पडते.

दुसरी श्रद्धा आधुनिक आहे: लेन वाढवा, कोंडी जाईल. वाशीला तिसरा पूल झाला, त्याची एक बाजू २०२४ मध्ये आणि दुसरी २०२५ मध्ये खुली झाली. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटरचा अटल सेतू आला. त्यांचा उपयोग झाला, नाकारण्यात अर्थ नाही. पण बाटली रुंद करून बूड तेवढंच वाढतं, मान नाही. पुलाच्या तोंडाशी जो रस्ता असेल तोच तासाला किती गाड्या सुटतील ते ठरवतो. 'एआय सिग्नल सगळं सोडवणार' अशी बातमी आली की मला आधी त्या मानेची रुंदी विचारावीशी वाटते.

त्यापेक्षा न्यूयॉर्कच्या हॉलंड बोगद्यातला जुना प्रयोग भन्नाट होता. गाड्या येतील तशा सोडल्या तर तासाला ११७६ पार होत. मग तोंडाशी पोलीस उभा केला. दर दोन मिनिटांत ४४ गाड्या झाल्या की पुढच्यांना तो काही सेकंद अडवी. आश्चर्य म्हणजे आता तासाला १३२० गाड्या जाऊ लागल्या. मधल्या रिकाम्या जागेत लाट विरून जाई, मागच्या गटापर्यंत पोहोचतच नसे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर टोल नाक्यापुढे याच कामासाठी सिग्नल आहेत. आपल्या पुलाच्या तोंडाशी पोलिसानं मोकळा रस्ता दिसत असताना गाड्या अडवल्या तर त्याचं काय होईल, याची कल्पना मी करू शकतो.

लाट बघायची असेल तर संध्याकाळी हार्बरच्या लोकलनं वाशीला जा. रेल्वेचा पूल रस्त्याच्या पुलाला लागूनच आहे. दारातली जागा मिळाली तर एकेका गाडीकडे पाहू नका, लाल दिव्यांच्या पट्ट्याकडे बघा. गाड्यांची तोंडं वाशीकडे असतात, आणि तो लाल पट्टा हळूहळू मानखुर्दकडे सरकत असतो.