अमली पदार्थांच्या बळींचे सार्वजनिक स्मारक

अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने किंवा त्यांत कालवलेल्या घातक रसायनाने दगावलेल्यांच्या आठवणीसाठी चारचौघांच्या जागेत केलेली खूण. कधी ती दगडाची असते, कधी झाडाची, कधी छायाचित्रांनी भरलेल्या भिंतीची. त्यासाठी खेटे घालतात ते बहुधा मूल गमावलेले आईवडील. मुलाचे नाव उघड्यावर यावे आणि तो कशाने गेला हेही नावासोबत यावे, एवढेच त्यांचे मागणे असते. त्यातले दुसरे फार अवघड आहे.

जर्मनीतील ग्लाडबेक येथे २१ जुलै १९९४ रोजी अमली पदार्थांमुळे एक तरुण गेला. त्याच्या आईने शहरात त्याच्यासाठी स्मृतिस्थळ मिळवले आणि १९९८ पासून २१ जुलै हा अशा मृतांचा स्मृतिदिन झाला. पुढे अनेक जर्मन शहरांनी तो उचलला. ३१ ऑगस्टचा आंतरराष्ट्रीय ओव्हरडोस जागृती दिन २००१ मध्ये मेलबर्नमध्ये सुरू झाला. अमेरिकेत २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी ओव्हरडोसचे बळी एक लाखाच्या वर गेले, त्यांतले बहुसंख्य फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडचे, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या प्रयोगशाळेत बनवलेल्या द्रव्यांचे. फेंटानिलचे दोन मिलिग्रॅमही जीवघेणे ठरू शकतात. वेदनाशामक म्हणून बनावट गोळी घेतलेली मुले त्यात गेली, म्हणून तिथले पालक याला विषबाधाच म्हणतात. २०२२ मध्ये तिथल्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने आर्लिंग्टनच्या मुख्यालयात, कुटुंबीयांनी पाठवलेली मृतांची छायाचित्रे भिंतीवर लावली.

पुण्यात स्मरणार्थ काही करण्याची रीत जुनी आहे. बागेतल्या बाकाच्या पाठीवर, देवळाच्या पायरीवर, पाणपोईवर ‘कै. ... यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरे दिसतात. चौकाचौकांत भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात. पण पंचविशीतला मुलगा गर्द (ब्राउन शुगर) किंवा एमडीने (मेफेड्रोन या कृत्रिम अमली पदार्थाने) गेला, तर निधनवार्तेत ‘अल्पशा आजाराने’ नाहीतर ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ एवढेच छापून येते. घरच्यांना त्याबद्दल बोल लावता येत नाही. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते, त्याच सोसायटीत राहायचे असते. मात्र या झाकपाकीने दुःख दुहेरी होते : मूल जाते आणि त्याच्याविषयी खरे बोलण्याची सोयही जाते.

शहराला हा प्रश्न नवा नाही. गर्दचा विळखा वाढत असताना डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पुढे एमडी आले. २०१५ मध्ये ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (१९८५) कक्षेत घेण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत त्याचा शेकडो किलोंचा साठा पकडला. व्यसनमुक्तीच्या चळवळीत सावरलेल्याचा ‘वाढदिवस’, म्हणजे व्यसन सुटल्याचा वार्षिक दिवस, साजरा होतो आणि ते योग्यच आहे. जे सावरू शकले नाहीत त्यांच्या आईवडिलांनाही वर्षातला एक दिवस असावा, इतकी साधी ही मागणी आहे.

पहिली अडचण कागदाची. मृत्यू संशयास्पद असला की पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९४). शवविच्छेदनाच्या अहवालात बऱ्याचदा कारणापुढे ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयव) राखून ठेवला’ असे लिहिलेले असते. जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात, सीलबंद बरण्यांतून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात; पुण्यात ती गणेशखिंड भागात आहे. तो अहवाल हाती येईपर्यंत आईला ‘कशाने गेला?’ या प्रश्नाचे अधिकृत उत्तरही देता येत नाही. दहावे, तेरावे त्याआधीच उरकलेले असते.

दुसरी अडचण जागेची. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी रस्ते, पदपथ व सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे आणि बांधकामांना परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. त्यामुळे चौकात स्तंभ उभारण्याची कल्पना टिकत नाही. एखाद्या संस्थेचे आवार, खासगी जागा किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाच्या संमतीने लावलेले झाड हे मार्ग अधिक खरे वाटतात. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ च्या दरडीत गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ आहे, पण निसर्गाच्या कोपात गेलेल्यांबद्दल कोणी नाक मुरडत नाही.

‘व्यसनाचे उदात्तीकरण होईल’ हा आक्षेप हमखास येतो. तो समजण्यासारखा असला तरी पटत नाही. पाटीवर गौरव लिहायचा नसतो. नाव, वय आणि कारण लिहायचे असते. त्याखाली व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ कोरली, तर वाचणाऱ्या एखाद्या घराला ती वेळेत उपयोगी पडू शकते. नाव कोरण्याआधी मात्र घरातल्या सर्वांची, विशेषतः मागे राहिलेल्या पत्नीची आणि भावंडांची संमती घ्यावी. ज्यांना नाव नको असेल त्यांच्यासाठी पाटीवर एक ओळ कोरी सोडता येते.