थिसल चॅपल

स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील सेंट जाइल्स कॅथीड्रलला जोडलेले छोटे प्रार्थनागृह. स्कॉटलंडचा सर्वोच्च मानाचा राजसन्मान असलेल्या ‘ऑर्डर ऑफ द थिसल’चे हे अधिकृत स्थान. थिसल म्हणजे आपल्याकडच्या उंटकटाऱ्यासारखे, जांभळ्या फुलांचे काटेरी झुडूप. ते स्कॉटलंडचे राष्ट्रीय चिन्ह आहे. ‘मला डिवचणाऱ्याची गय होत नाही’ अशा अर्थाचे या मानकरी मंडळाचे लॅटिन ब्रीदवाक्य त्या काट्यांना साजेसेच आहे.

वास्तू पाहताना मध्ययुगीन वाटते, पण ती विसाव्या शतकातली आहे. सातव्या जेम्स राजाने 1687 मध्ये हे मंडळ स्थापन केले आणि एडिंबरातीलच होलीरूड मठाचे चर्च त्याला नेमून दिले. पुढच्याच वर्षी राज्यक्रांती होऊन जेम्सची सत्ता गेली, जमावाने ते चर्च लुटले आणि उद्ध्वस्त केले. राणी ॲनने 1703 मध्ये मंडळाचे पुनरुज्जीवन केले. मात्र स्वतःची वास्तू मिळायला त्यानंतरही दोन शतके लागली. लेव्हनचे अकरावे अर्ल यांनी होलीरूडच्या जीर्णोद्धारासाठी मृत्युपत्रात 40,000 पौंड ठेवले होते. जुन्या भिंतींवर नवे बांधकाम उभारणे शक्य नाही असे ठरल्यावर त्यांच्या वारसांनी नव्या चॅपलसाठी पैसे दिले. सातव्या एडवर्डच्या संमतीने सेंट जाइल्सची जागा पक्की झाली. 1909 मध्ये काम सुरू झाले आणि जुलै 1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झाले. वास्तुविशारद रॉबर्ट लोरिमर यांना त्याच वर्षी ‘सर’ हा किताब मिळाला.

कॅथीड्रलच्या आग्नेय कोपऱ्यातून आधी एका ठेंगण्या, अंधाऱ्या दालनात शिरावे लागते. तिथून चॅपलमध्ये पाऊल टाकले की नजर आपोआप वर जाते. जागा लहान, पण उंची भरपूर. आणि माथ्यावर दगडी शिरांचे दाट जाळे, शिरा जुळतात तिथे कोरीव गाठी. भिंतींलगत ओक लाकडाची आसने असून प्रत्येकावर जाळीदार नक्षीचे उंच छत्र आहे. छत्राच्या टोकाला मानकऱ्याचे शिरस्त्राण आणि त्यावर त्याचे कुलचिन्ह. लाकडातले हे काम विल्यम आणि अलेक्झांडर क्लो या भावांचे. आसनांमागच्या पट्ट्यांवरील सुरुवातीचे रंगीत मीनाकाम फीबी ॲना ट्राक्वेअर यांनी केले. कोरीवकामात एक देवदूत चक्क बॅगपाइप वाजवताना दिसतो, आणि थांबून पाहावे असे या वास्तूत सर्वांत जास्त काही असेल तर तोच. लोरिमर यांचे मोठेपण अशा ठिकाणी कळते. मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक शैलीची नक्कल करून ते थांबले नाहीत, त्यांनी ती स्कॉटिश कारागिरांच्या हाती सोपवली.

राजा किंवा राणी आणि राजघराण्यातील सदस्य वगळता मंडळात एका वेळी जास्तीत जास्त 16 मानकरी असतात. 1827 पूर्वी ही संख्या 12 होती. नियुक्ती राजा स्वतः करतो, पंतप्रधानांच्या शिफारशीची गरज नसते. मानकरी वारला तरी त्याच्या आसनामागची पट्टी काढत नाहीत, त्यामुळे एकेका आसनामागे पिढ्यान्‌पिढ्यांची नावे साचत गेली आहेत. स्त्रियांना नियमित सदस्यत्व 1987 पासून मिळू लागले. मंडळाचा आश्रयदाता संत अँड्र्यू. त्याचा दिवस 30 नोव्हेंबर.

मुंबईकरांना इथल्या मानकऱ्यांपैकी एक नाव ओळखीचे वाटेल. 1885 ते 1890 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे यांना 1911 मध्ये, म्हणजे चॅपल उघडले त्याच वर्षी, थिसलचा मान मिळाला. हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाला त्यांचेच नाव आहे.

सेंट जाइल्सला सगळेच कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, म्हणतात, पण काटेकोरपणे पाहिले तर तिथे बिशपचे पीठ सतराव्या शतकातील थोडीच वर्षे होते. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बिशप नसतात. उपाधी गेली, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.