भूकंपाची तयारी करायचीय? आधी पलंगाच्या वर बघा

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ ला, तोही पहाटे चारनंतर. जपानमधल्या कोबेचा १७ जानेवारी १९९५, पहाटे ५:४६. तुर्कस्तानचा ६ फेब्रुवारी २०२३, पहाटे ४:१७. ही यादी वाचून वाटेल की भूकंप रात्रीच येतो की काय, तर तसं अजिबात नाहीये, भुजचा २००१ चा भूकंप सकाळी पावणेनऊला आला होता आणि नेपाळचा २०१५ चा दुपारी बाराच्या सुमाराला. जमिनीखालच्या खडकांना दिवस-रात्र काही कळत नाही. पण आपण मात्र दिवसाचा जवळपास तिसरा हिस्सा एकाच जागी आडवे असतो, डोळे मिटून, अंधारात, अनवाणी, आणि त्या जागेच्या वर आणि बाजूला काय ठेवलंय याचा विचार आपण सहसा करत नाही. म्हणून मला मनापासून वाटतं की भूकंपाची तयारी इमर्जन्सी बॅगेपासून नाही, पलंगापासून सुरू करावी.

कारण साधं आहे. जमीन हलल्याने माणूस मरत नाही, अंगावर जे पडतं त्याने मरतो. किल्लारीचा भूकंप साधारण ६.२ तीव्रतेचा होता, जगाच्या हिशोबात मध्यमच म्हणायचा, पण त्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड, दगड आणि मातीच्या, आत एक अंग आणि बाहेर एक अंग आणि मध्ये मातीत भरलेले बारके दगड, दोन्ही अंगांना धरून ठेवणारे लांब आरपार दगड नाहीत, आणि वर माळवदाचा मातीचा जड थर. हादरा बसल्यावर भिंतीची दोन्ही अंगं फाकली आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत असं आपल्याला वाटतं ना, भूकंपात ते उलटं होऊ शकतं, कारण वस्तू जितकी जड तितका हादऱ्याचा धक्का तिच्यावर जास्त आणि एकमेकांना बांधलेली नसेल तर ती सुटी होऊन पडणार.

२०१० सालचे दोन भूकंप शेजारी ठेवून बघा. जानेवारीत हैतीत ७.० चा आणि फेब्रुवारीत चिलीत ८.८ चा. आकडा एकने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, त्या हिशोबाने चिलीचा भूकंप जवळपास ५०० पट ऊर्जेचा होता. तरी चिलीत बळी गेले सुमारे पाचशे आणि हैतीत एक लाखाच्या वर. हैतीत भूकंप राजधानीच्या अगदी जवळ आणि कमी खोलीवर झाला हे खरं, पण मोठा फरक बांधकामाचाही होता. चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम नुसते कागदावर नव्हते, ते खरंच पाळले जात होते.

आता बिल्डिंगचं म्हणाल तर आपल्या हातात लगेच फार नसतं हे मान्य आहे. पण एक गोष्ट आवर्जून बघा, खाली नुसते पिलर आणि मोकळं पार्किंग आणि वर सगळे भिंतींचे मजले अशी इमारत असेल तर खालचा मजला वरच्यांच्या मानाने लेचापेचा असतो आणि सगळं वाकणं त्या पिलरवरच येतं. २००१ मध्ये भुजपासून दोनशे किलोमीटरच्या वर असलेल्या अहमदाबादमध्येसुद्धा अशा इमारती कोसळल्या होत्या. असे पिलर मजबूत करता येतात, मध्ये काँक्रीटच्या भिंती किंवा तिरके स्टीलचे आधार घालता येतात, फक्त ते स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवून करायचं काम आहे. आणि घरात रिनोव्हेशन करताना पिलर किंवा बीम तासायला कोणी निघालं तर प्लीज थांबवा, खोली थोडी मोठी दिसावी म्हणून वरच्या सगळ्या घरांचा आधार कापू नका.

बरं, पलंग. हे लिहायच्या आधी मी झोपायच्या खोलीत उभं राहून नीट बघितलं. पलंगाच्या डोक्याशी काचेची मोठी फ्रेम, एका खिळ्यावर. बाजूला उंच लोखंडी कपाट, चार छोट्या पायांवर, वर दोन भरलेल्या बॅगा. कपाटाच्या वरच्या कडेला तळहात ठेवून हळूच पुढे-मागे केलं तर ते डुलायला लागलं, आणि दोनतीनदा हात लयीत हलवल्यावर डुलणं वाढत गेलं, जोर न वाढवता. झोपाळ्यासारखंच आहे हे, प्रत्येक वस्तूची डुलायची आपली एक लय असते आणि जमिनीच्या हादऱ्याची लय तिच्याशी जुळली की थोड्या धक्क्यातसुद्धा ती खूप हलते. इमारतींचंही तेच. १९८५ साली मेक्सिको सिटीत भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब होतं, पण शहर जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेलं, तो गाळ साधारण दोन सेकंदाच्या लयीत हलत राहिला आणि नेमक्या मध्यम उंचीच्या इमारतींची लय त्याच्याशी जुळली. ठेंगण्या इमारती आणि काही खूप उंच टॉवर शाबूत राहिले आणि मधल्या पडल्या.

तर कपाटासाठी उपाय एकदम छोटा आहे, वरच्या बाजूला एल आकाराच्या दोन लोखंडी पट्ट्या, एक टोक कपाटाला आणि दुसरं भिंतीत ड्रिल करून प्लग घालून स्क्रूने पक्कं. नुसत्या प्लास्टरमध्ये स्क्रू घातला तर तो हिसक्याने उपटून येईल, विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल जायला हवा. वरच्या बॅगा खाली, जड सामान सगळ्यात खालच्या कप्प्यात. शक्य असेल तर पलंगच सरकवा, कपाट पडलं तरी अंगावर येणार नाही आणि दाराची वाट अडणार नाही अशा जागी, आणि मोठ्या खिडकीच्या काचेपासून लांब. डोक्यावरची फ्रेम तर आजच काढा, तिला ड्रिलही लागत नाही. मग पलंगाच्या पायाशी एका पिशवीत बंद शूज, टॉर्च आणि शिट्टी घालून ती पिशवी पलंगाच्या पायाला बांधून ठेवा, नुसते खाली ठेवलेले शूज हादऱ्यात सरकून कुठेही जातात. शूज का, तर हादरा थांबल्यावर अंधारात उठून पळताना फुटलेल्या काचांवर पाय पडून होणाऱ्या जखमा खूप असतात.

आणि झोपेत असतानाच सुरू झालं तर? पलंगावरच थांबायचं, पालथं व्हायचं, उशी डोक्यावर आणि मानेवर घट्ट दाबून धरायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण जोरदार हादऱ्यात दोन पावलंसुद्धा चालता येत नाही, माणूस फेकला जातो. जागे असाल तर बसा, झाका, घट्ट धरा: गुडघ्यांवर खाली या, मजबूत टेबलाखाली शिरून डोकं आणि मान झाका, आणि टेबलाचा पाय धरा, कारण टेबल हादऱ्याबरोबर सरकत जातं आणि धरलं नाही तर तुम्ही उघड्यावर राहता. दाराच्या चौकटीत उभं राहायचं हे जुनं झालं, आजच्या घरात चौकट बाकी भिंतीपेक्षा काही जास्त मजबूत नसते. जिन्याकडे धावू नका, लिफ्ट तर नाहीच. इमारतीच्या अगदी दारात बाहेर पडणंही धोक्याचं, काचा आणि गच्चीचे कठडे तिथेच पडतात. अपवाद एकच, दगडमातीचं जड छपराचं घर असेल, तुम्ही तळमजल्यावर दाराजवळ असाल आणि बाहेर लगेच मोकळी जागा असेल तर बाहेर पडा.

कधीकधी काही सेकंद आधी इशारा मिळतो, त्यात जादू नाहीये. भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात, पहिली पी लाट सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते आणि सहसा हलका धक्का देते, मागून साडेतीनच्या वेगाने एस लाट येते आणि खरी मोडतोड तिची. केंद्र १०० किलोमीटरवर असेल तर दोघींमध्ये बारा सेकंदांचा फरक पडतो. सेन्सर पी लाट पकडतात आणि मेसेज लाटेपेक्षा कितीतरी वेगाने पुढे जातो. जपानमध्ये असा इशारा २००७ पासून सगळ्या लोकांना मिळतो, आणि अँड्रॉइड फोनमध्येही २०२० पासून अशी सोय येत गेली, त्यात स्थिर पडलेले हजारो फोनच सेन्सर होतात. सेटिंगमध्ये भूकंप अलर्ट चालू आहे का बघून घ्या. पण केंद्र अगदी जवळ असेल तर इशारा पोचायच्या आधीच हादरा येतो, म्हणून सगळी भिस्त फोनवर नको. आणि उद्या अमुक वाजता भूकंप येणार असे फॉरवर्ड आले तर पुढे पाठवू नका, दिवस आणि वेळ आधी सांगता येईल असं शास्त्र अजून कोणाकडेच नाही.

हादरा थांबला की आधी शूज, मग गॅस. १९२३ साली टोकियोजवळचा मोठा भूकंप दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना आला, घरोघरी चुली पेटलेल्या, आणि एक लाखाच्या वर बळींपैकी बहुतेक आगीत गेले. गॅसचा वास आला तर लाइटचं बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही, काडी पेटवू नका, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर पडा. कॉल लागणार नाहीत, मेसेज जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून दुसऱ्या शहरातलं एक नातेवाईक आधीच ठरवून ठेवा, सगळ्यांनी त्यांनाच कळवायचं. पाणी माणशी रोजचं चार लिटर, निदान तीन दिवसांचं. समुद्राकाठी असाल आणि हादरा बराच वेळ चालला तर त्सुनामी येऊ शकते, सायरनची वाट न बघता उंचावर चालू लागा. ढिगाऱ्याखाली अडकलात तर ओरडत राहू नका, तोंडात धूळ जाते आणि दम संपतो, पाइपावर किंवा भिंतीवर ठोका, शिट्टी वाजवा.

पडझड झालेल्या घरात सामान आणायला परत शिरू नका. तुर्कस्तानात पहाटेच्या ७.८ नंतर नऊ तासांनी ७.५ चा दुसरा धक्का आला होता, आणि नेपाळमध्ये २५ एप्रिलच्या भूकंपानंतर १२ मे ला ७.३ चा.

एक राहिलं, टेबल. घरात ज्या टेबलाखाली शिरायचं ठरवाल तिथे मुलांना आणि घरातल्या मोठ्यांना एकदा खरंच शिरायला सांगा. खाली खोकी, जुने पेपर आणि इस्त्रीचा बोर्ड कोंबलेला असेल तर ते त्याच दिवशी दुसरीकडे हलवा. ज्यांना गुडघ्यांवर बसता येत नाही त्यांनी खुर्चीतच पुढे वाकून दोन्ही हातांनी डोकं आणि मान झाकायची, व्हीलचेअर असेल तर आधी ब्रेक लावायचा. हेसुद्धा एकदा करून बघा, ब्रेक कुठल्या हाताने लागतो ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.